सिनेमातली नग्नता आणि हिंसा: अमेरिकेचं आणि युरोपचं गणित इतकं वेगळं का?

सायलीवेल (धागाकर्ती)

'ओपनहायमर' २०२३ साली आला तेव्हा आमच्या कुटुंबात तीन देशांतून तीन तऱ्हांनी बघितला गेला. मी न्यू जर्सीत, धाकटी बहीण जर्मनीत, आईबाबा ठाण्यात. इथे त्याला 'आर' मिळालं, म्हणजे १७ वर्षांखालच्या मुलाला मोठं माणूस सोबत असल्याशिवाय प्रवेश नाही. जर्मनीत तो १२ वर्षांपासून पुढच्यांना खुला होता. भारतात यू/ए, पण अभिनेत्री फ्लोरेन्स प्यूच्या अंगावर संगणकाने काळा झगा चढवून.

'आर' देताना अमेरिकी मंडळाने लिहिलेली कारणं अशी: काही लैंगिकता, नग्नता आणि भाषा. हिरोशिमा आणि नागासाकीवर पडलेल्या बॉम्बचा सिनेमा, आणि मुलांना जपायचं ते खुर्चीत विवस्त्र बसलेल्या बाईपासून!

माझा मुलगा १५ वर्षांचा आहे. 'द डार्क नाइट' इथे पीजी-१३ आहे (१३ खालच्यांच्या पालकांना सावधगिरीचा इशारा, पण प्रवेश सगळ्यांना), त्यामुळे त्याने तो मित्रांबरोबर केव्हाच बघितलाय. त्यात जोकर एका माणसाचं डोकं उभ्या पेन्सिलीवर आपटतो आणि थिएटरात लोक हसतात. ते हसू मला फार खुपलं. माणूस मारणं ही माझ्या मुलाने आयुष्यात कधीही करू नये अशी गोष्ट आहे. प्रेम, शरीराची ओढ, जवळीक हे सगळं मात्र त्याच्या आयुष्यात यावं अशी माझी इच्छा आहे. मग पडद्यावर पहिली गोष्ट सहज आणि दुसरी चोरून, असं का? युरोपात हे खरंच उलटं आहे का? तिथे राहणाऱ्यांनी, आणि दोन्हीकडचा सिनेमा बघणाऱ्यांनी कृपया सविस्तर लिहा.

चहाबाज

छान विषय. पहिल्या रांगेत जागा धरून बसलोय.

विजयदुर्ग

माझ्या मते उत्तर सरळ आहे. अमेरिका वसवली प्युरिटन लोकांनी, देह म्हणजे पाप मानणाऱ्यांनी. आणि बंदूक बाळगण्याचा हक्क त्यांच्या राज्यघटनेच्या दुसऱ्या दुरुस्तीतच आहे. या दोन गोष्टी एकत्र केल्या की हॉलीवूड तयार.

रीळवाला

विजयदुर्ग, हे उत्तर सगळीकडे ऐकू येतं, पण सिनेमाचा इतिहास त्याला साथ देत नाही.

हॉलीवूडची १९३० ची आचारसंहिता, जिला आपण हेज कोड म्हणतो, ती लिहिण्यात पुढाकार होता मार्टिन क्विग्ली या कॅथलिक प्रकाशकाचा आणि डॅनियल लॉर्ड या जेझुइट पाद्र्याचा. १९३४ पासून ती खऱ्या अर्थाने राबवणारा जोसेफ ब्रीन कॅथलिक. 'आमचं ऐकलं नाही तर भाविक थिएटरात पाऊल टाकणार नाहीत' असा दबाव आणणारी लीजन ऑफ डीसेन्सी ही संघटनाही कॅथलिकांची. प्युरिटनांचा यात थेट हात फारसा नाही.

दुसरं म्हणजे त्या संहितेने हिंसेलाही वेसण घातली होती. खून असा दाखवू नये की बघणाऱ्याला तसं करावंसं वाटेल, निर्घृण हत्या तपशिलात दाखवू नयेत, ही कलमं तिच्यात होती. १९३२ च्या 'स्कारफेस'सारख्या गुंडपटांवरून मोठा गदारोळ झाला होता, त्याची पार्श्वभूमी १९३४ च्या सक्तीला आहे. म्हणजे तीसेक वर्षं अमेरिकेत दोन्ही दारं बंद होती.

ती उघडलीही साधारण एकदमच. १९६७ चा 'बॉनी अँड क्लाइड', त्यातला शेवटचा गोळ्यांचा वर्षाव. १९६८ च्या १ नोव्हेंबरला संहिता जाऊन वयानुसार वर्गवारी आली. पुढच्याच वर्षी 'द वाइल्ड बंच' आला, आणि एक्स, म्हणजे फक्त प्रौढांसाठीचं प्रमाणपत्र मिळालेल्या 'मिडनाइट काउबॉय'ला सर्वोत्तम चित्रपटाचं ऑस्कर मिळालं. एक्स असताना हा मान मिळालेला तो एकमेव सिनेमा. तेव्हाची अमेरिका पडद्यावर युरोपइतकीच मोकळी होऊ बघत होती.

त्यामुळे मला पडणारा प्रश्न वेगळा आहे. दोन्ही दारं उघडल्यावर त्यातलं एकच पुन्हा का लोटलं गेलं?

निशिगंधा

रीळवालाकाका, दंडवत! तुम्ही लिहीत राहा.

हिशेबनीस

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर पैशात आहे, म्हणून माझा प्रतिसाद.

नव्या वर्गवारीत जी, आर वगैरे अक्षरांवर मालकी हक्क नोंदवले होते, एक्सवर नव्हता. कोणीही स्वतःच्या सिनेमाला एक्स लावून घेऊ शकत होतं. अश्लीलपट काढणाऱ्यांनी ते अक्षर पळवलं, एकाचे तीन केले आणि जाहिरातीत मिरवलं. बघता बघता थिएटरं एक्स सिनेमे नाकारू लागली, वर्तमानपत्रं त्यांच्या जाहिराती छापेनात. १९९० मध्ये एक्स जाऊन एनसी-१७ (तेही फक्त प्रौढांसाठी) आलं, तर त्यालाही तोच डाग. स्टुडिओ दिग्दर्शकाशी करार करतानाच 'आर किंवा त्याखालचं प्रमाणपत्र मिळेल असा सिनेमा द्यायचा' अशी अट घालू लागले. प्रौढांसाठी गंभीरपणे काढलेल्या प्रेमपटाला अमेरिकेत जागाच उरली नाही.

हिंसेच्या बाबतीत नेमकं उलटं झालं. १९८४ साली 'इंडियाना जोन्स अँड द टेम्पल ऑफ डूम' मध्ये एका माणसाच्या छातीतून धडधडतं काळीज उपसून काढतात, आणि त्याला फक्त पीजी होतं, म्हणजे पालकांच्या सल्ल्याने सगळ्या मुलांना खुलं. पालक भडकले. स्पीलबर्गने स्वतःच मधली पायरी सुचवली आणि त्याच जुलैपासून पीजी-१३ सुरू झालं. स्टुडिओंसाठी ती सोन्याची खाण ठरली. कितीही माणसं मारा, रक्त फार दिसू देऊ नका, शाळकरी मुलं तिकीट काढून येतील.

फ्रान्समध्ये तिकिटामागे कर घेऊन तो पैसा तिथल्या सिनेमा संस्थेमार्फत पुन्हा चित्रपटनिर्मितीत घालतात. तिथल्या दिग्दर्शकावर शाळकरी प्रेक्षक गोळा करण्याची तितकी सक्ती नसते. फरक संस्कृतीचा आहेच, पण तिजोरीचाही आहे.

सायलीवेल

हिशेबनीस, 'रक्त फार दिसू देऊ नका' हाच माझ्या अस्वस्थतेचा गाभा आहे. रक्त नाही, आई-बायको-पोरांचा आक्रोश नाही, अंत्यविधी नाही. माणूस पडतो आणि कॅमेरा पुढे सरकतो. मुलांसाठी ही आवृत्ती सौम्य मानली जाते. मला वाटतं तीच जास्त वाईट, कारण मरणाचं वजनच काढून घेतलेलं असतं.

इसारकाठ

म्युनिकहून. ताई, तुमच्या बहिणीने सांगितलं असेलच, पण थोडी भर घालतो.

इथे वयाची अट कायद्याने बंधनकारक असते. १६ म्हणजे १६. बाप शेजारी उभा राहून 'माझी जबाबदारी' म्हणाला तरी दारावरचा माणूस आत सोडणार नाही. सवलत फक्त १२ च्या पायरीवर आहे, मोठं माणूस सोबत असेल तर ६ वर्षांपुढचं मूल जाऊ शकतं. याउलट अमेरिकेत 'आर' सिनेमाला पालकांबरोबर कितीही लहान मूल जाऊ शकतं. तिथे नोकरीला असताना रात्रीच्या खेळाला, अंगावर काटा आणणाऱ्या भयपटाला, कडेवर पोर घेऊन आलेले लोक मी बघितलेत. तिथे निर्णय पालकाचा, इथे निर्णय समाजाचा. तुमच्या प्रश्नातला अर्धा फरक मला इथे सापडतो.

नग्नतेबद्दल: इथल्या सौनात (गरम वाफेच्या खोलीत) स्त्री-पुरुष एकत्र आणि विवस्त्र बसतात, तळ्याकाठी उघड्याने ऊन खाणारी म्हातारी जोडपी दिसतात. मुलं हे बघतच मोठी होतात. उघडं शरीर दिसलं की लगेच शृंगार, असं समीकरण त्यांच्या डोक्यात नसतं.

पण हे कायम असं होतं असं समजू नका. १९५१ साली 'दी झ्यूंडरिन' या सिनेमात हिल्डेगार्ड क्नेफ काही क्षण विवस्त्र दिसली, आणि पश्चिम जर्मनीत चर्चने रान उठवलं. निदर्शनं झाली, काही शहरांनी बंदी घातली. प्रकरण न्यायालयात गेलं आणि १९५४ मध्ये सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने सिनेमा ही कला असून तिला घटनेचं संरक्षण आहे असा निकाल दिला. आजचा जर्मन मोकळेपणा भांडून मिळवलेला आहे, आणि तो दोनतीन पिढ्यांपेक्षा जुना नाही.

उत्तरायण

स्टॉकहोमहून हात वर करते.

स्वीडनने १९११ सालीच सरकारी सिनेमा-परीक्षण सुरू केलं, आणि त्यांची कात्री चालायची ती मुख्यतः हिंसेवर. 'मॅड मॅक्स' इथे २००५ पर्यंत बंद होता. १९८२ मध्ये 'ई.टी.' आला तर ११ वर्षांखालच्या मुलांना मनाई! मोठी माणसं मुलांशी शत्रूसारखी वागताना दिसतात, त्याने लहानगे घाबरतील, हा विचार त्यामागे होता. मुलांनी निषेध केला होता. प्रौढांच्या सिनेमावरचं परीक्षण २०११ मध्ये बंद झालं, आता फक्त मुलांसाठी वयाची वर्गवारी होते.

आणि स्वीडिश दिग्दर्शक बर्गमनचा 'समर विथ मोनिका' घ्या, १९५३ चा. इथे ती उन्हाळ्यात बेटांवर पळून गेलेल्या दोन गरीब पोरांची गोष्ट आहे, शेवटी पोटात कालवाकालव होते. अमेरिकेत एका वितरकाने तो छाटून, वर जॅझ संगीत चढवून, 'वाईट चालीची मुलगी' अशा थाटात विकला. एकाच उघड्या पाठीकडे दोन देशांनी इतक्या वेगळ्या नजरेने पाहिलं.

चहाबाज

ई.टी.ला ११ ची अट? मग त्या बिचाऱ्याचा घरी फोन लागायला उशीर का झाला ते आत्ता कळलं.

पणजीकर

नजरेवरून आठवलं. इफ्फी, म्हणजे भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, २००४ पासून आमच्या पणजीत भरतो. महोत्सवात सिनेमे कात्री न लागता दाखवतात, त्यामुळे युरोपीय सिनेमाला बाहेर ही लांब रांग. त्यातले काही फक्त 'त्या' दृश्यासाठी आलेले असायचे. एका फ्रेंच सिनेमाला तसं दृश्य झालं आणि पुढच्या दोन रांगा उठून गेल्या. राहिले त्यांनी पुढचा सिनेमा बघितला. त्यात तीच दोघं पुढे म्हातारी होतात, आजारपण येतं, एकमेकांचं अंग पुसून देतात. आधीचं दृश्य नसतं तर त्या अंग पुसण्यातली माया कळलीच नसती. उठून गेलेल्यांचं मला आजही वाईट वाटतं. घरी दारं बंद ठेवली की माणसं फटीतून बघायला शिकतात.

निशिगंधा

सगळे युरोपच्या कौतुकात आहात, म्हणून जरा जोरात लिहिते.

'लास्ट टँगो इन पॅरिस', १९७२. नायिका मारिया श्नायडर १९ वर्षांची, नायक मार्लन ब्रँडो ४८ चा. त्यातल्या बलात्काराच्या दृश्यातला लोण्याचा तपशील दिग्दर्शक बेर्तोलुची आणि ब्रँडो यांनी त्या सकाळी ठरवला आणि तिला सांगितला नाही. बेर्तोलुचीने २०१३ च्या मुलाखतीत हे स्वतः कबूल केलं, तिची प्रतिक्रिया अभिनेत्रीची नको होती, मुलीची हवी होती म्हणे. श्नायडरने २००७ मध्येच सांगितलं होतं की तिला अपमानित वाटलं, पडद्यावरचे अश्रू खरे होते. कित्येक वर्षं जगाने त्या दृश्याला कलेचं धाडस म्हटलं आणि तिचं म्हणणं कानाआड केलं.

इटलीने काय केलं? १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सिनेमाच्या प्रती नष्ट करायचा हुकूम दिला आणि बेर्तोलुचीचा मतदानाचा हक्क पाच वर्षांसाठी काढून घेतला. शिक्षा अश्लीलतेसाठी! त्या मुलीवर झालेल्या अन्यायाचा त्यात उल्लेखही नाही.

'ब्लू इज द वॉर्मेस्ट कलर' २०१३ चा. फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात सर्वोच्च पुरस्कार, दिग्दर्शकाबरोबर दोन्ही अभिनेत्रींना विभागून. त्यानंतर त्या दोघींनीच चित्रीकरणाच्या पद्धतीबद्दल जाहीर तक्रार केली. तेव्हा पडद्यावर किती दिसतं याच्याइतकाच मला महत्त्वाचा वाटतो तो प्रश्न म्हणजे ते कसं चित्रित केलं. मारामारीच्या दृश्याला साहसदृश्यांचा दिग्दर्शक कित्येक दशकांपासून असतो. उडी कुठून, गादी कुठे, ठोसा किती इंचांवर थांबणार, सगळं आधी ठरतं. प्रणयदृश्यात मात्र दोन माणसांना खोलीत सोडून 'होऊ द्या' म्हणायचे. ही उणीव भरायला सुरुवात केली ती अमेरिकेने. २०१८ पासून एचबीओने आपल्या मालिकांतल्या अशा दृश्यांसाठी इंटिमसी कोऑर्डिनेटर, म्हणजे प्रणयदृश्य कलाकारांच्या संमतीने आधी आखून देणारी व्यक्ती, नेमायला सुरुवात केली.

रीळवाला

निशिगंधा, तुमचा प्रतिसाद या धाग्यातला सर्वांत महत्त्वाचा आहे.

'ब्लू'बद्दल एक पुरवणी. कानच्या ज्या परीक्षक मंडळाने त्याला पुरस्कार दिला त्याचा अध्यक्ष होता स्पीलबर्ग. त्याच्या स्वतःच्या देशात या सिनेमाला एनसी-१७ मिळालं, फ्रान्समध्ये फक्त १२ वर्षांखालच्यांना मनाई होती. न्यूयॉर्कच्या आयएफसी सेंटर या थिएटरने मात्र शाळकरी वयाच्या मुलांनाही आत घेऊ असं जाहीर केलं. वर्गवारी अमेरिकेत कायद्याने बंधनकारक नसल्यामुळे ते शक्य झालं.

कोलाज

युरोप हिंसेपासून चार हात लांब असतो हेही मला पटत नाही. इटलीतल्या 'कॅनिबल होलोकॉस्ट'च्या दिग्दर्शकावर १९८० मध्ये खटला झाला, आणि आपले कलाकार जिवंत आहेत हे त्याला दाखवून द्यावं लागलं. 'इर्रिव्हर्सिबल' (२००२) फ्रान्सचा, त्यातलं बलात्काराचं दृश्य सुमारे नऊ मिनिटं चालतं, कानमध्ये लोक उठून गेले होते.

फरक मला असा जाणवतो की तिथला चांगला दिग्दर्शक हिंसा दाखवतो तेव्हा प्रेक्षकाला सुटायला वाट ठेवत नाही. मिखाएल हानेकेचा 'फनी गेम्स' (१९९७) बघा. मारहाण बहुतेक चौकटीबाहेर होते, आपल्यासमोर राहतो तो नंतरचा वेळ. आईबाप जमिनीवर, टीव्ही चालू, कॅमेरा कितीतरी वेळ हलत नाही. टाळी वाजवावी असा एकही क्षण तो देत नाही. पुढे त्याने हाच सिनेमा इंग्रजीत, अमेरिकी प्रेक्षकांसाठी, जवळपास जसाच्या तसा पुन्हा काढला.

विजयदुर्ग

रीळवाला, इतिहास मान्य. तरीही धार्मिक लाज तिथे आहेच, कॅथलिकांची म्हणा की प्रॉटेस्टंटांची. २००४ च्या सुपर बोलमध्ये, म्हणजे अमेरिकी फुटबॉलच्या अंतिम सामन्यात, गायिका जॅनेट जॅक्सनचं वक्ष क्षणभर उघडं पडलं तर सीबीएस वाहिनीला साडेपाच लाख डॉलर दंड ठोठावला होता. न्यायालयाने तो नंतर रद्द केला, पण आधी ठोठावला ना?

कलमबहाद्दर

वकिलीच्या पेशातला आहे म्हणून हे सांगतो. तुमच्या प्रश्नाचं सर्वांत धारदार रूप अमेरिकी सर्वोच्च न्यायालयातच सापडतं, विषय सिनेमाचा नसून व्हिडिओ गेमचा असला तरी.

१९६८ च्या गिन्सबर्ग खटल्यात त्या न्यायालयाने मुलांना लैंगिक मासिकं विकायला बंदी घालता येते असं ठरवलं. २०११ मध्ये कॅलिफोर्नियाचा मुलांना हिंसक गेम विकण्यावर बंदी घालणारा कायदा समोर आला, तो ७ विरुद्ध २ मतांनी रद्द झाला. न्या. स्कालिया यांचा युक्तिवाद असा की लैंगिक मजकुरावर बंधनं घालण्याची परंपरा आहे, हिंसेवर तशी परंपरा नाही, मुलांच्या परीकथासुद्धा रक्ताने भरलेल्या असतात. विरोधी मत देणारे न्या. ब्रेयर यांनी विचारलं, १३ वर्षांच्या मुलाला नग्न स्त्रीचं चित्र असलेलं मासिक विकता येत नाही, पण त्याच मुलाला असा गेम विकता येतो ज्यात तो स्वतः त्या स्त्रीला बांधतो, छळतो आणि मारतो, यात अर्थ काय?

मी ब्रेयर यांच्या बाजूचा आहे.

हिशेबनीस

परीकथांचा मुद्दा मात्र तोडीचा आहे. आपल्या लहानपणी नरसिंहाने हिरण्यकशिपूची आतडी काढलेलं चित्र भिंतीवर असायचं आणि त्याच्याखाली बसून आपण पाढे म्हणायचो. कोणी घाबरलं नाही.

उत्तरायण

भिंतीवरच्या त्या चित्राखाली गोष्ट सांगायला आजी बसलेली होती, हिशेबनीस. मोबाइलवर एकटाच बघणाऱ्या मुलाजवळ कोण बसलंय?

सायलीवेल

सगळ्यांचे मनापासून आभार. प्रश्न विचारताना अमेरिका विरुद्ध युरोप एवढंच डोक्यात होतं. निशिगंधाच्या प्रतिसादानंतर माझी कसोटी पक्की झाली: समोरच्या माणसाला माणूस म्हणून दाखवलंय का? मरणाऱ्यालाही आणि कपडे उतरवणाऱ्यालाही. पेन्सिलीचं दृश्य त्यात नापास, आणि लोण्याचंही.

भारतात २०२४ पासून यू/ए चे ७+, १३+ आणि १६+ असे टप्पे झालेत. ते मला बरं पाऊल वाटतं, पण झगा चढवून कमी वयाचं प्रमाणपत्र देण्यापेक्षा सिनेमा आहे तसा ठेवून जास्त वयाचं द्यावं.

आता एक व्यावहारिक विचारणा. १५ वर्षांच्या मुलाबरोबर बसून बघता येतील असे युरोपीय सिनेमे सुचवाल का?

रीळवाला

त्रुफोचा 'द ४०० ब्लोज' (१९५९) आणि लुई मालचा 'ऑ रव्हॉर लेझांफां' (१९८७). दुसऱ्यात युद्धकाळातली निवासी शाळा आहे, ज्यू मुलगा आहे, एकही गोळी सुटत नाही आणि तरी जर्मन ताबा म्हणजे काय ते कळतं.

कोलाज

एलेम क्लिमोव्हचा 'कम अँड सी' (१९८५). सोव्हिएत सिनेमा, १९४३ सालचा बेलारूस. नाझींनी जाळलेली गावं एका कोवळ्या पोराच्या नजरेतून दिसतात. युद्धाचं आकर्षण कायमचं जातं.

इसारकाठ

'कम अँड सी' इतक्यात नको, कोलाज. मी तिशीत बघितला आणि पुढचे काही दिवस नीट झोप लागली नव्हती. आधी 'दी ब्र्युक' (१९५९) दाखवा. युद्धाच्या अगदी शेवटी शाळेच्या बाकावरून उचललेली १६ वर्षांची जर्मन पोरं एक निरुपयोगी पूल लढवत बसतात. वय जवळचं आहे, मुलाला लगेच भिडेल.

कोलाज

'दी ब्र्युक'ला अनुमोदन. पण 'कम अँड सी'चं नाव मी मागे घेत नाही. इंग्लंडमध्ये तो १५ साठीच आहे. ताई, तुम्ही आधी एकट्याने बघा आणि मग ठरवा. बघितलात की इथे नक्की लिहा.